बारा कुप्या आणि एक कोट

मी पुढे जे सांगणार आहे त्यावर तुमचा कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या बायकोचासुद्धा बसला नव्हता, आणि तिनं तर मला नवरा म्हणून पसंत केलं होतं. म्हणजे बघा, विश्वास ठेवायची ताकद किती असेल बाईची. पण मी एका माणसावर असा सूड उगवलाय की त्याचा रंग अजून उतरलेला नाही. रंग म्हणजे रंगच. घासून, उकळून, उन्हात वाळवून न जाणारा.

परवा दुपारी लाँड्रीत हीच गोष्ट सांगत होतो. वीज गेली होती, वाफेची मोठी इस्त्री गार पडली होती, आणि दोन गिऱ्हाइकं ती परत यायची वाट बघत अडकून पडली होती. इतके हक्काचे श्रोते मला निवृत्तीनंतर कधी मिळाले नव्हते. तिथे जशी सांगितली तशीच इथे लिहितो.

लाँड्रीवाला काउंटरवर कोपर टेकून कान कोरत होता. बाकावर मास्तर होते. शाळा सुटून दहा वर्षं झाली तरी दुसऱ्याच्या वाक्यातली चूक काढल्याशिवाय त्यांना जेवण पचत नाही. आणि एक तिशीतली बाई होती, मांडीवर धुवायचे राखाडी ओव्हरऑल घेऊन. तिची नखं निळी होती.

"रंग छान आहे," मी म्हणालो, "पण नखांच्या बाहेर गेलाय जरा."

"लावलेला नाही, आजोबा. लागलेला आहे," ती म्हणाली आणि हसली.

मी तिकडे लक्ष दिलं नाही. तिथेच चुकलो, पण ते नंतर.

"लाल सिग्नलला फेस थांबतो, हे तुमच्यापैकी कुणी पाहिलंय का?" मी विचारलं.

"साबणाचा?" लाँड्रीवाल्यानं कान कोरणं थांबवलं.

"साबणाच्या फेसाला कुठली आलीय शिस्त? यीस्टचा."

"आबा, सुरू झालात तुम्ही."

झालोच होतो.

तर मी ज्या इमारतीत नोकरीला होतो तिच्या दारावर तीन ओळींचं नाव होतं, पण आम्ही सगळे तिला उबवणी म्हणायचो. काम सरळ होतं. प्रयोगशाळेतली हुशार पोरं जनुकांची जुळवाजुळव करून काचेच्या नळीत काहीतरी करून दाखवतात. कुणी जंतूकडून धागा काढून घेतं, कुणी यीस्टकडून अत्तर. पण नळीभर करणं वेगळं आणि गाडीभर करणं वेगळं. या दोन्हींच्या मधे एक दरी आहे, आणि तिच्या तळाशी चांगल्या चांगल्या शोधांची हाडं पडलीत. उबवणी म्हणजे त्या दरीवरचा पूल. पोरांना खोली द्यायची, टाक्या द्यायच्या, वकील द्यायचा, कारखानदारांशी ओळख करून द्यायची, आणि धंदा उभा राहिला की त्यातला लहानसा वाटा केंद्रानं घ्यायचा. कल्पना उत्तम होती. मी अजूनही म्हणतो, उत्तम होती. पुलाच्या तोंडाशी लुटारू उभा राहिला तर पुलाचा काय दोष?

मी तळघरात, शीतकोठीवर. उणे ऐंशी अंशांचे सहा फ्रीजर आणि त्यांचा रखवालदार मी. वरच्या मजल्यांवर जे जे काही जिवंत बनायचं ते माझ्याकडे झोपायला यायचं. चावी एकच, आणि ती माझ्या कमरेला. बायको म्हणायची, "सासूबाईंनी मला घरच्या कपाटाची चावी दिली नाही, आणि तुम्हाला बघा जगाच्या कपाटाची मिळाली." तिथली थंडी काय सांगू! एकदा फ्रीजरमध्ये वाकलेलो असताना कुणीतरी विनोद केला आणि मी हसलो, तर ते हसू आठवडाभर तोंडावर तसंच राहिलं. मधे एका मयतीला जावं लागलं. त्या घराशी अजून बोलणं नाही.

"हे खरं?" बाईनं विचारलं.

"हे खोटं," मास्तर म्हणाले. "पण पुढे जा."

माझ्या धाकट्या भावाची मुलगी, बारकी. ती नऊ वर्षांची असताना भाऊ गेला आणि ती आमच्या घरी आली. अंगापिंडानं बारीक म्हणून बारकी, पण जिद्द अशी की लहानपणी एकदा गणित सुटेना म्हणून पाटी उशाखाली घेऊन झोपली आणि सकाळी उठून पाटीशी भांडली. मोठी होऊन तिनं काय केलं? यीस्टला निळा रंग करायला शिकवला. कापड रंगवायच्या निळ्यासाठी किती घाणेरडी रसायनं उकळावी लागतात, ते या लाँड्रीवाल्याला विचारा. बारकीचं यीस्ट नुसतं साखरेचं पाणी प्यायचं, आणि शेवटी चिमूटभर पूड टाकली की बघता बघता निळं व्हायचं. पूड पडेपर्यंत दुधासारखं पांढरं. पूड पडली की निळं. हे लक्षात ठेवा. आणि तो निळा कपड्याचा धागा सोडायचा नाही. चार वर्षं घालवली होती पोरीनं त्यात. लग्नाचं विचारलं की म्हणायची, "काका, आधी हे धुऊन बघा, मग लग्नाचं बोलू."

पण यीस्ट ही लबाड जात. सलग वाढवत नेलं की त्यातले आळशी पुढे सरकतात, रंग करायचा सोडून नुसती साखर खातात. आमच्या ऑफिससारखंच. म्हणून प्रत्येक वेळी मूळ कुपीपासून सुरुवात करायची, ही या धंद्यातली पहिली शिस्त. बारकीनं आपलं सगळ्यात चांगलं यीस्ट बारा कुप्यांत भरून माझ्याकडे ठेवलं. करंगळीच्या पेराएवढी एकेक कुपी. झाकणावर हिरव्या शाईनं काढलेली चांदणी. त्या बारा चांदण्या म्हणजे तिची चार वर्षं. त्या गेल्या की पुन्हा पहिलीपासून.

आता कोट.

उबवणीच्या प्रमुखाला आम्ही कोट म्हणायचो. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा, प्रयोगशाळेतला लांब कोट. उठता-बसता अंगात. आत माणूस असायचा, पण त्याला काही अर्थ नव्हता. या माणसानं आयुष्यात पिपेट हातात धरली ती एकदाच, फोटोसाठी, आणि तीही उलटी. फोटो केंद्राच्या माहितीपत्रकात छापून आला. कारखानदारांना काय कळतंय, म्हणाला. कळलं नाहीच.

बारकीचा निळा त्यानं पाहिला आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. तिला केबिनमध्ये बसवलं, चहा पाजला, मदतीचा अर्ज म्हणून नऊ पानी कागदावर सही घेतली. सातव्या पानावर लिहिलं होतं की सुरक्षिततेसाठी यीस्ट केंद्राच्या ताब्यात राहील. पंधरा दिवसांनी कळलं की निळ्या रंगाची एक कंपनी निघाली आहे आणि ती कोटाच्या मेहुण्याच्या नावावर आहे. मेहुणा तोवर छत्र्या विकत होता. बारकीला आधी संचालक म्हणाले, मग सल्लागार, मग पाहुणी. एका सकाळी तिचं कार्ड दाराला लावलं तर दार उघडेना. काचेपलीकडून कोट बाहेर आला. सगळ्यांच्या देखत तिला म्हणाला, "पोरी, अंडं तुझं असेल. ऊब आमची आहे. पिल्लू आमचं."

आणि लोक हसले. मी तिथे होतो. हातात बर्फाची पेटी होती. कोण कोण हसलं ते मी पाठ केलं. अजून म्हणून दाखवू शकतो, कोण कुठल्या पायरीवर उभा होता त्यासकट.

"तुम्ही काय केलंत?" बाईनं विचारलं.

"पेटी खाली ठेवली."

"आणि?"

"आणि परत उचलली. सूड घाईत घ्यायचा नसतो, बाई. सूड म्हणजे यीस्टच. एकदम मोठ्या टाकीत ओतला की मरतो. आधी कुपीत जपायचा, मग फ्लास्कात हलवायचा, मग दहा लिटरच्या टाकीत वाढवायचा. आणि मगच पाच हजार लिटर."

त्या संध्याकाळी बारकी घरी आली. रडली नाही. माझ्यासमोर बसून म्हणाली, "काका, वरिष्ठांची समिती आठ दिवसांनी बसणार आहे. यीस्ट कुणाचं ते तिथे ठरेल. पण त्याआधी पाचव्या दिवशी कोट कारखानदारांना मोठी टाकी दाखवणार आहे. त्या टाकीत माझा निळा दिसला की ते सह्या करतील, आणि सह्या झाल्या की समिती नुसती चहा पिऊन उठेल. टाकी सुरू करायला त्याला कुप्या लागतील. काका, काहीही झालं तरी कुप्या देऊ नका."

मी कमरेची चावी वाजवली. म्हणालो, "माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही."

शब्द दिला म्हणजे दिला.

दुसऱ्याच दिवशी कोट तळघरात आला. अठरा वर्षांत पहिल्यांदा. जिना उतरताना कोटाचा घोळ वर धरला होता, जणू खाली चिखल आहे. माझ्या स्टुलावर बसला. मला काका म्हणाला! स्वतःच्या काकाला ज्यानं वृद्धाश्रमात फोन करून वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, तो मला काका म्हणाला. मग खिशातून एक कागद काढून मांडीवर ठेवला. कमी करायच्या माणसांची यादी. माझं नाव तिसरं.

"काका, शीतकोठीला हल्ली माणूस लागत नाही म्हणतात. सगळं यंत्रावर होतं. मी म्हटलं, बघू. माणूस उपयोगी पडला तर ठेवू. कुप्या कुठल्या फ्रीजरमध्ये आहेत?"

लाँड्रीवाल्यानं काउंटरवरचा कोपर काढला. "मग?"

"मग काय? मी हसलो. म्हणालो, साहेब, उद्या सकाळी या, पेटी तयार ठेवतो. तो गेला तसा मी कोपऱ्यावरच्या बेकरीत गेलो. बेकरीवाला माझा जुना दोस्त. त्याच्याकडून पाव फुगवायचं यीस्ट घेतलं, चांगलं मस्तवाल. रिकाम्या बारा कुप्यांत भरलं. झाकणांवर हिरव्या शाईनं चांदण्या काढल्या. माझा हात थरथरतो, पण बारकीच्या चांदण्याही वाकड्याच असायच्या. खऱ्या कुप्या बर्फात घालून घरी नेल्या आणि बायकोच्या फ्रीजमध्ये—"

"घरच्या फ्रीजमध्ये?" मास्तर म्हणाले. "उणे ऐंशीच्या वस्तू?"

"माझी बायको सहा महिने माझ्यावर रागावलेली होती, मास्तर. आमच्या घरात थंडीची कमतरता नव्हती."

लाँड्रीवाला खो खो हसला. मास्तरही हसले. मग मला जोर चढला.

दुसऱ्या दिवशी कोट पेटी घेऊन गेला. झाकणावरच्या चांदण्या मोजल्या, खूश झाला, माझी पाठ थोपटली. मी ते थोपटणंही पाठ केलं. दोन वेळा, डाव्या खांद्यावर.

त्याच दिवशी फ्लास्क. माझं पावाचं यीस्ट असं वाढलं की फ्लास्क हलवायचं यंत्र दमलं. पांढरं, जाड, खमंग. वरची टाकीवाली पोरं म्हणत होती, वा, काय वाढ आहे! कुणाला शंका नाही. कारण रंग शेवटच्या पुडीनंतर, हे मी सांगितलंच. तिसऱ्या दिवशी दहा लिटर. मी वर जाऊन टाकीच्या काचेला कान लावला. आतून बुडबुडे ऐकू येत होते. मी हळूच म्हणालो, "बाळांनो, तुम्हाला त्या पायरीवर कोण कोण उभं होतं ते सांगतो." आणि सगळी नावं सांगितली. यीस्ट ऐकतं. विश्वास नका ठेवू, पण ऐकतं. नाव घेतलं की बुडबुडा दुप्पट.

पाचवा दिवस. पाच हजार लिटरची टाकी, दोन मजले उंच, चकचकीत पोलादाची, मधोमध खिडकीसारखी काच. समोर खुर्च्या. खुर्च्यांवर कारखानदार. कापडवाले, कपडे शिवून विकणारे, दोन बँकवाले. सगळे उंची कपड्यांत. कोट टाकीजवळच्या जिन्यावर, आजच धुतलेल्या कोटात. त्याच्या बाजूला छत्रीवाला मेहुणा. सवयीनं आकाशाकडे बघत.

आता या धंद्यातला माणूस करेल अशीच एक चूक कोटानं केली. टाकीत हवा सोडली की फेस येतो, फेस चढू नये म्हणून यंत्र थेंब थेंब तेल सोडत राहतं. फेस मारायचं तेल. ते बंद पडलं तर यंत्र किंचाळतं. पण तेलानं काचेला आतून साय धरते आणि रंग मळकट दिसतो. कोट म्हणाला, "पाहुण्यांना लखलखीत निळा दिसला पाहिजे. तेल बंद करा. किंचाळणंही बंद करा." टाकीवाल्या पोरानं मान खाली घालून दोन्ही बंद केलं. मला ते माहीत होतं. कारण तेलाची साय किती मळकट दिसते ते आदल्या दिवशी त्या पोराला कोटासमोर मीच बोलून दाखवलं होतं.

"आबा, तुम्ही म्हणजे!" लाँड्रीवाला म्हणाला.

"ऐक तर."

कोटानं भाषण केलं. विज्ञान आणि उद्योग, हातात हात, वगैरे. मग चांदीच्या वाटीतून पूड घेतली आणि टाकीच्या तोंडात टाकली. एक मिनिट काही नाही. दोन मिनिटं काही नाही. मग टाकी गुरगुरली.

फेस उठला. काच भरली, टाकीचं डोकं भरलं. हवा बाहेर जायच्या पाईपात शिरला, तिथली गाळणी तुंबली, आणि आत दाब चढायला लागला. काटा हिरव्यातून पिवळ्यात, पिवळ्यातून लालमध्ये. मेहुण्याच्या तोंडचं पाणी पळालं. टाकीच्या माथ्यावर सुरक्षेची एक पातळ चकती असते, टाकी फुटण्याआधी आपण फुटायचं एवढंच तिचं काम. ती बिचारी आपलं काम करून मोकळी झाली. धाडकन!

आणि आला हो फेस! छतावर आपटला, छतावरून खाली. निळा! गडद, ताजा, पहाटेच्या आकाशासारखा निळा! कोट जिन्यावर होता, पहिला सगळा त्याच्या डोक्यावर. पांढरा कोट आतबाहेर निळा, भुवया निळ्या, तोंड उघडलं तर दात निळे. ओरडायला गेला तर बुडबुडा आला. मेहुण्यानं छत्री उघडली, ती फेसानं उलटी करून त्याच्याच डोक्यात घातली. कारखानदार खुर्च्यांसकट तरंगायला लागले. एक जाडा बँकवाला तरंगत तरंगत जिन्यावरून वरच्या मजल्यावर गेला आणि हिशेबनीसाच्या टेबलावर अलगद उतरला. म्हणाला, बरं झालं, लिफ्ट बंदच होती. फेस दारातून बाहेर पडला, रस्त्यानं चालू लागला, चौकात आला. सिग्नल लाल होता. थांबला! मागे गाड्यांची रांग. हिरवा झाल्यावर वळला आणि डावीकडे गेला. चौकातलं पांढरं कुत्रं निळं झालं. त्याची पिल्लंसुद्धा निळी निघाली. चार. मी स्वतः पाहिली.

"आणि तुम्ही कुठे होतात?" बाईनं विचारलं. ती पुढे सरकून बसली होती.

"मी कुठे? तळघराच्या दारात. हात बांधून. कोट गुडघाभर निळ्यात उभा, समोरून सगळे त्याच्याकडे बघतायत. मी सावकाश चालत त्याच्यापर्यंत गेलो. त्याच्या डाव्या खांद्यावर दोन वेळा थोपटलं. आणि म्हणालो, 'साहेब, पिल्लू तुमचंच.'"

लाँड्रीवाल्यानं काउंटरवर हात आपटला. "क्या बात है, आबा! खल्लास!"

मला खरं सांगायचं तर त्या क्षणी मी स्वतःच्याच डाव्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वेळा सांगितलीय ही गोष्ट, पण खांद्यावर थोपटायची जागा आली की अजून हात आपोआप तिकडे जातो.

"मग तुम्हाला काढलं असेल लगेच," लाँड्रीवाला म्हणाला.

"मला? कुणाची हिंमत होती? आणखी सहा वर्षं होतो तिथेच. उलट स्टूल काढून गादीची खुर्ची दिली. घाबरले होते मला."

"आणि बारकीताई?"

"बारकी... तिचं छान झालं. लांब असते आता. मोठा व्याप आहे तिचा. येणं होत नाही."

"फोन?"

"फोनला हल्ली वेळ कुणाला असतो? तुझी मुलं करतात का तुला?" मी घाईनं पुढे गेलो. "कोटाचं म्हणाल तर पार संपला. पाहुणे ओरडत पळाले, धंदा बुडाला, मेहुणा परत छत्र्यांकडे. कोट तोंड लपवत गाव सोडून गेला. तो निळा कोट त्यानं याच लाँड्रीत टाकला होता. याच्या बापानं सतरा वेळा धुतला."

"बाबांनी?" लाँड्रीवाला म्हणाला. "बाबा काही बोलले नाहीत कधी."

"लाज वाटली असेल. डाग गेला नाही ना."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. ते चष्मा पुसायला लागले की मी सावध होतो.

"एक शंका आहे हो. कुप्यांत पावाचं यीस्ट होतं म्हणालात. मग फेस निळा कसा?"

"मास्तर, तुमच्या शाळेत मार्क गोष्टीला होते की शंकेला?"

"दोन्हींना."

"अहो, आधीच्या खेपेचा रंग पाईपात राहिलेला होता. पाईप कधी नीट धुतात का ही पोरं? तो सगळा एकदम बाहेर आला." मीही सराईत आहे. असल्या शंका मी उभ्या उभ्या वाळत घालतो. लाँड्रीवाल्यानं मान डोलावली. मास्तरही चष्मा नाकावर चढवत होते. सुटलो होतो मी.

"आधीची खेप नव्हती, आजोबा," बाई म्हणाली.

"तुम्हाला काय माहीत?"

"ती पहिलीच होती. पाटीवर तसंच लिहिलंय."

"कसली पाटी?"

"कोटाखालची." तिनं मांडीवरचे ओव्हरऑल काउंटरवर ठेवले. राखाडी कापडावर कोपरापर्यंत निळे डाग होते. मी ते त्या वेळी पहिल्यांदा नीट पाहिले. "मी निळ्या रंगाच्या कारखान्यात टाकीवर काम करते. आमच्या मोठ्या दारातून आत शिरलं की समोर काचेची पेटी आहे. त्यात एक कोट टांगलाय. निळा. खाली लिहिलंय, पहिल्या खेपेचा दिवस. नवीन माणूस कामावर आला की त्याला तिथे उभं करून ही गोष्ट सांगतात. फेस कसा उडाला, पाहुणे कसे भिजले. आणि भिजलेल्या पाहुण्यांनी एकमेकांचे कपडे बघून, धुऊन बघून, डाग जात नाही म्हणून तिथल्या तिथे कशा सह्या केल्या. निळ्या बोटांनी. ते कागदसुद्धा चौकटीत लावलेत. कुणी पळालं नव्हतं."

लाँड्रीवाला माझ्याकडे बघत होता. मी छताकडे बघत होतो. तिथे पंखा होता, बंद.

"सिग्नलचं मात्र कुणी सांगत नाही आमच्याकडे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोललो असतो. "आणि आमच्या फ्रीजरमध्ये मूळ कुप्या आहेत. बारा होत्या, आता चार राहिल्यात. झाकणांवर हिरव्या शाईची चांदणी आहे. मी दोन वर्षं विचारतेय ही खूण कुणाची. तिथे कुणाला माहीत नाही. आज कळलं."

"चांदण्या मी काढल्या होत्या," मी म्हणालो. "बेकरीतल्या—"

"पावाच्या यीस्टनं निळा होत नाही, आजोबा. मी रोज टाकी उघडते. त्या खऱ्याच कुप्या होत्या."

वीज आली. पंखा फिरायला लागला, इस्त्रीनं वाफ सोडली, पण लाँड्रीवाला जागचा हलला नाही.

"आणि कुलूप कुणी फोडल्याचं तुम्हीही सांगितलं नाहीत," ती म्हणाली. "चावी एकच होती म्हणालात ना?"